गेला, गेली, गेले

आमच्या वाचनगटाचा एकच नियम आहे, आणि तोही कोणी फार विचार करून केलेला नाही: पुस्तक कोणत्याही भाषेतले असो, चर्चा मराठीत करायची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री आठ वाजता आम्ही नऊ-दहा जण आपापल्या घरी पडद्यासमोर बसतो. मराठीचे व्याकरण शिकवण्यात अख्खी नोकरी घालवून निवृत्त झालेल्या नागपूरच्या बाई असतात, बँकेतून निवृत्त झालेले सावंतवाडीचे काका असतात, ठाण्याचा एक तरुण इंजिनिअर असतो, आणि न्यू जर्सीतले एक जोडपे असते, त्यांची तेव्हा सकाळची न्याहारी चाललेली असते. मी नाशिकहून बोलते. आम्ही वाचतो ते विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. कालप्रवासाच्या गुंत्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या या मंडळींना अमेरिकेतली घड्याळे दर नोव्हेंबरात तासभर मागे जातात एवढे मात्र लक्षात राहत नाही, आणि त्या महिन्याची बैठक हमखास अर्धीमुर्धी होते.

पहिली दोन वर्षे हा नियम केवळ शोभेचा होता. आयझॅक आसिमोव्ह यांच्या आकाशगंगेएवढ्या साम्राज्याची चर्चा मराठीत केली काय आणि इंग्रजीत केली काय, फारसा फरक पडत नव्हता. जयंत नारळीकरांच्या कथा तर मुळातच मराठी. 'स्पेसशिप' म्हणायचे की 'अंतराळयान', असले किरकोळ खटके उडत, पण कोणी अडखळत नसे. अडखळलो ते ऐन पावसाळ्यात, उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' वाचायला घेतली तेव्हा, आणि तेही पहिल्या पाच मिनिटांत.

कादंबरी १९६९ सालची. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि त्या घरातले संस्कार या पुस्तकाच्या बांधणीत दिसतात: एखाद्या अभ्यासकाने दूरच्या मुलखात राहून लिहिलेला अहवाल, मध्येच तिथल्या लोककथा, मध्येच कोणाची तरी रोजनिशी. मुलूख म्हणजे गेथेन नावाचा हिमयुगात गोठलेला ग्रह. तिथली माणसे आपल्यासारखीच आहेत, पण ती कायमची पुरुष किंवा कायमची स्त्री नसतात. सव्वीस दिवसांचे एक चक्र असते. त्यातले बहुतेक दिवस शरीर दोन्हींपैकी काहीच नसते, आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत, म्हणजे 'केमर'मध्ये, ते कधी पुरुषाचे होते तर कधी स्त्रीचे. या खेपेला काय होणार हे आपल्या हातात नसते. ज्याला दिवस जातात तो बाळंतपण आणि अंगावर पाजणे आटोपेपर्यंत स्त्री राहतो आणि मग पुन्हा पूर्वस्थितीला येतो, त्यामुळे तीन मुलांची आई असलेली व्यक्ती आणखी दोघांचा बाप असणे यात तिथे कोणाला नवल वाटत नाही. या ग्रहावर अनेक जगांच्या संघाचा दूत म्हणून गेनली आय हा पृथ्वीवरचा पुरुष एकटा जातो. कारहाइड देशाचा पंतप्रधान एस्त्रावेन त्याला मदत करू पाहतो, गेनलीचा त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि बरेच काही घडून गेल्यावर ती दोघे एका बर्फाच्या पठारावरून आठवडेच्या आठवडे स्लेज ओढत जिवाच्या आकांताने चालत राहतात.

वरच्या परिच्छेदात मी 'ज्याला', 'तो', 'देशाचा पंतप्रधान' असे सहज लिहून गेले आहे. त्या रविवारी ठाण्याच्या इंजिनिअरला ते जमले नाही. कथानक सांगायची पाळी त्याची होती. "मग राजाची मर्जी फिरते, आणि एस्त्रावेन रातोरात देश सोडून पळून..." असे म्हणून तो थांबला. पडद्यावर त्याचे तोंड उघडेच राहिले, म्हणून आधी वाटले की त्याचे इंटरनेट गेले. मग तो म्हणाला, "गेला म्हणू? की गेली? की गेलं?" आणि थोडा विचार करून त्याने वाक्य पूर्ण केले: "पळून जातात." बाई हसल्या. म्हणाल्या, "शाबास. आदरार्थी बहुवचन आणि वर्तमानकाळ. तिथे तुला कोणी पकडू शकत नाही."

ले ग्विन यांच्यासमोर हा प्रश्न एका सर्वनामापुरता होता. त्यांनी सरसकट पुरुषवाचक सर्वनाम वापरले, आणि त्यावर टीका झाल्यावर १९७६ सालच्या एका निबंधात आपल्या निवडीचे समर्थनही केले. पुढे अकरा वर्षांनी त्याच निबंधाला टिपा जोडून त्यांनी ते समर्थन मागे घेतले. त्या निबंधाच्याही आधी त्यांनी आणखी एक प्रयोग केला होता. याच ग्रहावरची त्यांची एक जुनी कथा १९७५ साली संग्रहात घेताना त्यांनी त्यातली सर्वनामे स्त्रीवाचक केली, पण 'राजा' हा शब्द मात्र तसाच ठेवला. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाशी असे जाहीर भांडण करत राहणारे लेखक विरळा. तरीही इंग्रजीत ते भांडण एका अक्षरी शब्दाशी होते. तो शब्द बदलला की बाकीचे वाक्य जागच्या जागी राहते. मराठीत मात्र 'थकलेला एस्त्रावेन उठला आणि बाहेर निघाला' या वाक्यात सर्वनाम औषधालाही नाही, आणि तरी तीन ठिकाणी पुरुष उभा आहे.

न्यू जर्सीच्या गृहस्थांनी या टप्प्यावर अपेक्षित मुद्दा मांडला: हे सगळे आपल्या पुराणांत होतेच. प्रत्येक विज्ञानकथेच्या चर्चेत हा मुद्दा एकदा येतो आणि एरवी मला त्याचा मनापासून कंटाळा आहे, कारण तो मांडला की मांडणाऱ्याला पुस्तकाबद्दल बोलायची गरज उरत नाही. या वेळी मात्र त्यांनी नेमकी उदाहरणे दिली. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाची गोष्ट आहे. त्याला मूल नव्हते. ऋषींनी त्याच्या राणीसाठी मंतरून ठेवलेले पाणी त्याने रात्री तहानेच्या भरात स्वतःच पिऊन टाकले, आणि यथावकाश त्याची कूस फोडून मांधाता जन्मला. रामायणाच्या उत्तरकांडात इल राजा आहे, जो शंकराच्या वनात शिरल्यामुळे स्त्री होतो आणि मग पार्वतीच्या वराने एक महिना पुरुष, एक महिना स्त्री असा जगतो. बुधापासून त्याला, म्हणजे त्या महिन्यातल्या इलेला, पुरूरवा होतो. तेव्हा राजा गरोदर राहणे ही मराठी वाचकाला काही अगदीच नवी गोष्ट नाही.

बोलता बोलता लक्षात आले की साम्यापेक्षा फरकातच जास्त मजा आहे. युवनाश्वाचे गरोदरपण हा अपघात आहे आणि त्यातून सुटायला कूस फाटावी लागते. इलाला स्त्रीच्या महिन्यात पुरुषाच्या महिन्यातले काही आठवत नाही आणि पुरुषाच्या महिन्यात स्त्रीचे. म्हणजे एका देहात दोन अनोळखी माणसे पाळीपाळीने राहतात. गेथेनवर कोणी काही विसरत नाही. तिथे कारहाइडचा राजा आर्गावेन गरोदर असल्याची बातमी येते तीही राजवाड्यातल्या इतर कोणत्याही बातमीसारखी. ज्याने मूल वाढवले आहे त्याच्याच हातात राज्याचा कारभार आहे, आणि याचा परिणाम त्या समाजात कुठे कुठे झिरपतो हे ले ग्विन दाखवत जातात: तिथे भांडणे आहेत, खून आहेत, कारस्थाने आहेत, पण अजून युद्ध झालेले नाही. बाईंना तर 'राजा गरोदर आहे' या वाक्याचे वेगळेच कौतुक वाटले. 'आहे'ला लिंग नाही, 'गरोदर' कोणासाठी बदलत नाही. वर्तमानकाळात हे वाक्य कसे निमूट उभे आहे बघा, म्हणाल्या, त्याला भूतकाळात ढकला की लगेच 'होता' की 'होती' म्हणून ओरडायला लागते.

मग नपुंसकलिंगाचा विषय निघाला, तो निघणारच होता. हिंदीने टाकून दिलेले तिसरे लिंग मराठीने, गुजरातीने आणि कोकणीने सांभाळून ठेवले आहे. मग ते इथे कामी येऊ नये का? सावंतवाडीचे काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझं विचाराल तर एस्त्रावेन भलं माणूस होतं." कोणी तरी हसले, पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसले. बाईंनी मात्र सवयीने दुरुस्ती केली की 'माणूस' हा शब्द पुल्लिंगी आहे, 'भला माणूस होता' असे हवे. काका म्हणाले, "आमच्याकडे असंच म्हणतात," आणि पुन्हा गप्प बसले. त्यांच्या मालवणीत मुलीलाही 'चेडू' म्हणतात, आणि चेडू नपुंसकलिंगी. पण बाईंचा आक्षेप नुसता पुस्तकी नव्हता. मराठीतले नपुंसकलिंग माणसाला लावले की ते एक तर मायेने लावलेले असते नाही तर तुच्छतेने: 'गोड लेकरू', 'ते येडं', 'ते ध्यान'. त्यात लहान मूल बसते, वेडे बसते, म्हातारे बसते. देशाचा पंतप्रधान त्यात बसवला की एक तर त्याची कीव केल्यासारखे होते नाही तर टवाळी. शिवाय ज्या लिंगाचे नावच 'नपुंसक' आहे, ते गेथेनच्या माणसांना देणे म्हणजे त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज व्याकरणाच्या शिक्क्यानिशी पक्का करणे. ती माणसे काही कमी असलेली नाहीत, झाली तर दोन्ही असलेली आहेत. मी 'व्यक्ती' हा शब्द सुचवला. वर्तमानपत्रात अनोळखी व्यक्ती दरोडा घालते आणि 'ती' पळून जाते, तेव्हा वाचणाऱ्याला कोणी बाई पळाली असे वाटत नाही. पण तीनशे पाने 'सदर व्यक्ती' म्हणत राहिलो तर कादंबरीचा पंचनामा होईल, असे ठाण्याचा इंजिनिअर म्हणाला, आणि ते खरेच होते.

न्यू जर्सीच्या ताईंनी सांगितले की त्यांच्या कार्यालयातल्या बंगाली मैत्रिणीला हा प्रश्न काय आहे तेच समजेना. बंगालीत तो आणि ती यांना सर्वनाम एकच, आणि क्रियापदालाही लिंग नाही. फिनिश भाषेतही तसेच आहे. क्षणभर हेवा वाटला. पण मग वाटू लागले की त्या भाषांत हे पुस्तक फार गुळगुळीत होत असेल, कारण गेनली आय चुकतो हीच तर गोष्ट आहे. तो गेथेनवर दोन वर्षे राहतो, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी पुरुष ठरवतो आणि मग त्या माणसात काही नाजूक, काही घरगुती दिसले की ते बायकी म्हणून नाक मुरडतो. एस्त्रावेनवर त्याचा विश्वास बसत नाही याचे मूळही तिथेच आहे. एका जागी तर तो आपल्या घरमालकाला मनातल्या मनात घरमालकीण ठरवून मोकळा होतो, कारण तो स्थूल आहे, कनवाळू आहे आणि त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चौकशांत रस आहे. मग तो त्याला विचारतो की तुम्ही किती मुलांना जन्म दिला. उत्तर येते, एकालाही नाही. बाप मात्र चौघांचा आहे. मराठीत याचे सुंदर वाटोळे होते: माझी घरमालकीण चार पोरांचा बाप होता. या वाक्यात व्याकरणाची जी ओढाताण झाली आहे ती गेनलीच्या डोक्यातली ओढाताण आहे. तेव्हा गेनलीच्या तोंडी जी प्रकरणे आहेत, त्यांत मराठीने आपला हट्ट सोडू नये, असे माझे मत झाले. त्याने प्रत्येक क्रियापदात 'गेला', 'बसला', 'म्हणाला' असेच म्हणावे आणि प्रत्येक क्रियापदात चुकत राहावे.

हा युक्तिवाद मी ऐटीत मांडला आणि बाईंनी एका प्रश्नात तो खाली बसवला: "मग रोजनिशीचं काय?"

कादंबरीतली काही प्रकरणे एस्त्रावेनच्या रोजनिशीतली आहेत. इंग्रजीत ती अगदी निर्धास्त आहेत, कारण इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नाही; सगळ्या पुस्तकात एस्त्रावेन जर कुठे खरोखर स्वतःच्या रूपात असेल तर त्या पानांवर, कारण तिथे त्याला पाहणारा गेनली नाही. मराठीत नेमके उलटे होते. बाहेरच्या माणसाने त्याला 'तो' म्हटले तर ती त्या माणसाची चूक म्हणता येते. पण 'मी निघालो' किंवा 'मी निघाले' हे एस्त्रावेनचे स्वतःचे शब्द, आणि त्यातला कोणताही एक शब्द उच्चारला की त्याने स्वतःबद्दल खोटी साक्ष दिली.

त्या रात्री झोप येईना. मला माझे लहानपण आठवत होते. दोन थोरल्या भावांच्या पाठीवरची मी. त्यांचे ऐकून ऐकून बोलायला शिकले, म्हणून चार-साडेचार वर्षांची होईपर्यंत 'मी जातो', 'मी खातो' असेच म्हणायचे. आजीने माझ्या या बोलण्याचा एक दिवस कायमचा बंदोबस्त केला. ओसरीवर गहू निवडत होती. मी म्हटले, "आजी, मी खेळायला जातो." तिने सुपातले हात न थांबवता म्हटले, "जातो नाही, जाते म्हण. तू मुलगी आहेस." तोवर ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही, पण ती दर वाक्याला सांगायची असते हे मला तेव्हा कळले. तेव्हापासून आजवर मी किती लाख वेळा ते सांगितले असेल: भाजी घेताना, परीक्षेत निबंध लिहिताना, या लेखात. पुढच्या बैठकीत ही आठवण सांगितली तेव्हा बाई म्हणाल्या की त्यांची वऱ्हाडातली आजी शेवटपर्यंत 'मी येतो', 'मी करतो' असेच म्हणायची, आणि तिला कोणी कधी टोकले नाही.

दूरच्या पत्रव्यवहारात नाव लपवता येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की नावाची आद्याक्षरे उलटी करून जयंत विष्णु नारळीकरांनीच ती पाठवली होती. अमेरिकेत 'प्लेबॉय' मासिकाने ले ग्विन यांची कथा छापताना पहिले नाव गाळून फक्त आद्याक्षरे छापायची परवानगी मागितली, आणि ती दिल्याची त्यांना पुढे चुटपुट लागली. अ‍ॅलिस शेल्डन यांनी तर जेम्स टिपट्री हे पुरुषी नाव घेऊन वर्षानुवर्षे लिहिले, आणि या लेखनाला बाईचा हात लागलेला असणे शक्य नाही असे एका मान्यवर लेखकाने १९७५ साली प्रस्तावनेत लिहूनही टाकले. ही सगळी लपाछपी मुखपृष्ठावरची. मराठीत प्रथमपुरुषी निवेदन करणाऱ्याला मुखपृष्ठ काही वाचवू शकत नाही.

बाईंनी मग आम्हाला गृहपाठ दिला. रोजनिशीतला कोणताही एक उतारा घ्यायचा आणि लिहिणाऱ्याचे लिंग कळू न देता त्याचे मराठी करायचे. एक सामाईक फाइल उघडली, आणि महिनाभर आम्ही सगळे जण तिच्यात रात्री-अपरात्री खाडाखोड करत राहिलो. शाळेत ज्याच्या नावाने घाम फुटायचा तो प्रयोगांचा धडा इतक्या वर्षांनी उपयोगी पडेल असे कोणाला वाटले होते! 'मी तंबू उभारला', 'मी शेगडी पेटवली', 'मी बर्फ वितळवले'. कर्मणी प्रयोग. इथे क्रियापद तंबूकडे, शेगडीकडे, बर्फाकडे बघते; करणाऱ्याकडे बघतच नाही. भूतकाळात काही वस्तूला हात घालून काम करत असाल, तर मराठी तुम्हाला तुम्ही पुरुष की स्त्री हे विचारत नाही. तुम्ही नुसते चाललात, पडलात, हसलात, झोपलात, की विचारते. बर्फावरच्या त्या प्रवासात दिवसभर नुसते कामच काम असल्यामुळे निम्मा उतारा असाच सुटला. 'मला थंडी वाजली', 'मला भीती वाटली', 'माझ्याने पाऊल उचलवेना' ही आणखी एक पळवाट, आणि ती तर जास्तच सुंदर, कारण थंडी आणि भीती माणसाला होतात, माणूस त्या करत नाही.

उरली चालण्याची क्रियापदे. ती ठाण्याच्या इंजिनिअरने सोडवली, आणि शाळेत मराठीत आपण जेमतेम काठावर गुण मिळवले होते असे तो स्वतःच सांगतो. त्याने सगळे रीतिभूतकाळात घातले. 'पहाटे जाग येई. गेनली अजून झोपेत असे. मी बाहेर जाई आणि वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाही. मग आम्ही निघू, आणि दिवस मावळेपर्यंत एक जण पुढे चाले, एक जण स्लेज ओढी.' वाचून दाखवले तेव्हा कोणीच काही बोलले नाही. हा तर आटपाट नगराचा काळ, कहाण्यांचा काळ, जिथे राजा राज्य करी आणि राणी दान देई आणि क्रियापदावरून दोघांतला फरक कळत नसे. तो रोज तेच ते घडण्याचा काळ आहे, म्हणून रोज तेच ते घडणाऱ्या त्या पांढऱ्या वाटेला तो चपखल बसला. आम्ही कोणी खरा हिमप्रदेश चाललेलो नव्हतो. कारहाइडच्या लोकांकडे बर्फाच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळे नाव आहे; आमच्याकडे बर्फ आणि हिम, संपले. पण बाहेर जुलैची झड लागली होती, काकांकडे वीज गेल्याने ते मोबाइलवरून बोलत होते, पागोळ्यांचा आवाज त्यांच्या बोलण्यावर सांडत होता, आणि रिपरिप, भुरभुर, झिमझिम, संततधार असे शब्द असलेल्या भाषेला त्या नावांचे मोल कळायला हरकत नव्हती.

आणखी एक शोध संवादांत लागला. पठारावर निघाल्यावर ती दोघे एकमेकांच्या नावामागच्या उपाध्या टाकून देतात. इंग्रजीत एवढेच होते. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचे की नाही हे ठरवावे लागते. यावर पाऊण तास वाद झाला. मग बाईंनी नुसती दोन वाक्ये फाइलमध्ये लिहिली: 'तुम्ही दमलात?' आणि 'तू दमलास?' पहिल्यात लिंग नाही. दुसऱ्यात आहे, नाही तर 'दमलीस' म्हणावे लागेल. मराठीतला आदर लिंग विचारत नाही, जवळीक विचारते. अंतर राखून बोलत होता तोवर गेनलीला हा प्रश्न टाळता आला असता. एका तंबूत एका शेगडीपाशी बसल्यावर येत नाही. कादंबरीत नेमके तिथेच, एस्त्रावेनचे केमरचे दिवस आलेले असताना, गेनलीला प्रथमच डोळे उघडून पाहावे लागते की समोरचे माणूस पुरुष आहे तसेच स्त्रीही आहे, आणि आपण इतके दिवस त्यातले अर्धेच पाहत होतो. मग ती दोघे बोलतील कशी? काकांनी उत्तर दिले: "आपण म्हणतील. आपण निघू, आपण थांबू, आपण थोडं खाऊन घेऊ." परक्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' आणि समोरच्याला आत घेणारे 'आपण' असे दोन वेगळे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्यात या दोघांचा सगळा प्रवास 'आम्ही'कडून 'आपण'कडे झाला असे म्हणता येईल. इंग्रजीला इथे एकाच शब्दावर भागवावे लागते.

बाकीचे शब्द भराभर सुटले. तिथल्या हांदारा पंथाचे लोक येता-जाता एक शब्द म्हणतात, त्याचा अर्थ 'काही बिघडत नाही' असा दिला आहे. आम्ही एकमुखाने 'असो' ठरवला. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी जो शब्द आहे आणि ज्याचे मूळ 'सावली'त आहे, त्याला 'आब' घ्यावा की 'पत' यावर एकमत झाले नाही, आणि मला अजूनही 'आब'च योग्य वाटतो. दूताच्या नावावर मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. त्याचे आडनाव आय. एस्त्रावेनला ते आडनाव ऐकताना अंधारात कोणी तरी कळवळून ओरडल्याचा भास होतो. ठेच लागली तर मराठी माणसाच्या तोंडून काय निघते? आणि गावाकडे आईला काय म्हणतात? गेथेनवर बाहेरून गेलेला तो एकटाच पक्का पुरुष, आणि त्याच्या नावात आमच्या कानांना आई ऐकू येते. ले ग्विन यांना मराठी येत असण्याचा संभव नाही, तेव्हा यातून काही सिद्ध होत नाही. पण मराठीत चर्चा करणाऱ्याला हा योगायोग मिळतो आणि इतरांना मिळत नाही.

शेवटच्या बैठकीला शेवटचेच पान उरले होते. ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांनी इथून पुढचे सोडून दिले तरी चालेल. पठार ओलांडून सुखरूप आल्यावर एस्त्रावेन सरहद्दीवर पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतो, आणि गेनली ते पाहतो. रीतिभूतकाळ इथे लागत नाही. मरणे एकदाच होते. 'मेला' आणि 'मेली' दोन्ही नकोत. न्यू जर्सीच्या ताईंनी 'देह ठेवला' सुचवले, पुन्हा कर्मणी, व्याकरणात निर्दोष. इंजिनिअर म्हणाला, देह संत ठेवतात, हा गोळ्या लागून पडला आहे. 'प्राण सोडला' मी सुचवले; ते चालले असते, पण वाचताना कीर्तनातल्यासारखे वाटत होते. गृहस्थ म्हणाले की गेनलीच्या तोंडी आहे ना, मग तुमच्याच मताप्रमाणे 'गेला' म्हणू द्या त्याला. मी म्हटले की आता नाही. तंबूतल्या त्या रात्रीनंतर त्याला तसे म्हणता येणार नाही.

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. फाइलमध्ये बाईंचा कर्सर त्या ओळीवर येऊन उभा राहिला, लुकलुकत राहिला, एक-दोन अक्षरे उमटली आणि पुसली गेली. काकांच्या खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता. शेवटी पडद्यावर अक्षरे उमटली: 'भलं माणूस गेलं.' संगणकाने 'भलं'खाली लाल रेघ ओढली. बाईंनी ती तशीच राहू दिली.